टेबलावरचा तिसरा आवाज

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून बोलायचा मी एक जुना फोन आहे. कारखान्यात मला तीन पाय आणि खणखणीत आवाज मिळाला. आता कपाटात पडून असतो. वाईट वाटत नाही. फारसं काहीच वाटत नाही.

आमच्याकडे दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. नवी सोय करायची तर आधी तिघांनी एकत्र बसायचं. दवाखान्याला काय हवंय ते मॅडम सांगत, कसं बनवायचं ते प्रोग्रामर सांगे आणि कुठे फसेल ते टेस्टर विचारी. ही टेस्टर परगावी असे, माझ्यातून बोले. तिचं निम्मं बोलणं ‘समजा’ने सुरू व्हायचं. तिघांचा होकार आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा नियम होता. “फोनमुळे ती इथेच बसल्यासारखी वाटते,” असं मॅडम कौतुकाने म्हणत.

एकदा डायलिसिसच्या रुग्णांना तारखेची आठवण करून देणारा मेसेज ठरत होता. टेस्टरच्या शेजारी कुणी भिंत फोडत होतं. “डोकं उठलं बाई,” म्हणत मॅडमनी माझा आवाज पार बंद केला आणि बोलण्याच्या नादात विसरल्या. शेवटी प्रोग्रामरने विचारलं, “चालेल ना?”

“समजा तारीख अलीकडे आणली,” ती म्हणाली, “तर जुना मेसेज थांबवायला हवा. नाहीतर लोक चुकीच्या दिवशी येतील.”

शब्द माझ्यापर्यंत आले आणि माझ्यातच राहिले.

“बरं, मग ठरलं,” मॅडम म्हणाल्या. टेस्टरला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामरने माझा आवाज वाढवला. तो शून्यावर होता, हे त्याने पाहिलं.

दवाखान्याला घाई होती. तिघांनी ठरवलंय म्हणून तपासणी न करताच सोय सुरू झाली. एका आजींची तारीख अलीकडे आणलेली होती. सुनेला जुनाच मेसेज गेला आणि ती आजींना उशिरा घेऊन आली. तोवर आजींना धाप लागली होती. पुढे काय झालं ते खोलीत कुणी बोललं नाही, म्हणून मलाही माहीत नाही.

खापर टेस्टरवर फुटलं. कंपनीच्या साहेबांनी माझ्यावरूनच तिला विचारलं, “बैठकीत गप्प का बसलीस?”

“मी सांगितलं होतं, सर.”

साहेब प्रोग्रामरकडे वळले. “तू होतास ना? बोलली होती ही?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “नाही. काही ऐकल्याचं आठवत नाही.”

हे मी तिला स्वच्छ पोचवलं. पलीकडून काहीच आलं नाही. या वेळी ती खरंच गप्प होती. तिची नोकरी गेली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी गप्प वाटलं, तर होकार धरण्याआधी एकदा विचारा. मला विचारता येत नव्हतं. प्रोग्रामरला येत होतं.