पैलवानाचं बिंग

मधमाश्यांच्या राण्या वाढवायचा दिवस उजाडला की सासऱ्यांच्या अंगात यायचं. सगळ्यांत चांगल्या पेटीतल्या इवल्या अळ्या उचलायच्या, मेणाच्या वाट्यांत ठेवायच्या, माश्यांनी त्यांच्या राण्या केल्या की एकेक पेटीत एकेक राणी बसवायची. म्हणजे आई जशी, तसा पुढच्या वर्षी अख्खा मधबाग.

"यंदा आई एकच. पैलवान!" त्यांनी सगळ्यांत जड पेटीवर थाप मारली.

सून लगबगीने पुढे आली. पैलवानाच्या माश्या माणसाला फाटकापर्यंत पिटाळून लावत. आणि तिची लेक नुकतीच चालू लागली होती. तिला दिशा एकच ठाऊक, पेट्यांची.

"बाबा, त्या कोपऱ्यातल्या पेटीच्या, गोगलगायीच्या घ्या ना. किती गरीब माश्या आहेत."

"गरीब आणि कंगालसुद्धा! पेटी उचलून बघ, कापूस नुसता. आपण मध विकतो सूनबाई, स्वभाव नाही."

"स्वभाव विकला असता तर तुमचं दुकान कधीच बसलं असतं," पायरीवर मटार सोलणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

सुनेची नजर मात्र त्याच पेटीवर खिळली होती. गोगलगायीच्या दारात काहीतरी बिनसलं होतं. माश्या भरल्या पोटी घरी येतात आणि रिकाम्या बाहेर पडतात. इथे सगळं उलटं! चोरपावलांनी आत शिरायच्या, झटापट करायच्या आणि पोट तट्ट फुगवून निघायच्या.

ती धावत स्वयंपाकघरात गेली, मूठभर पीठ आणलं आणि निघणाऱ्या माश्यांवर भुरभुरलं. मग मान वर करून बघत उभी राहिली. एक पांढरी माशी थेट पैलवानाच्या दारातल्या फळीवर उतरली आणि आत गेली, अगदी हक्काच्या घरात जावी तशी. मागोमाग दुसरी. मग वरातच निघाली.

"बाबा! चष्मा लावून या."

सासरे आले, वाकले, बघतच राहिले. "हात्तिच्या! हा तर दरोडेखोर निघाला."

"आणि याच्या लेकी आपण सगळ्या पेट्यांत बसवणार होतो. मग लुटायला उरलं कोण असतं?"

"पण जिला स्वतःचं दार राखता येत नाही, तिच्या लेकी तरी..."

"दार लहान करणारी पट्टी कोणी काढली? हवा खेळू दे म्हणून?"

"मी काही बोलले नाही हो," पायरीवरून आवाज आला.

सासऱ्यांनी गोगलगायीच्या दाराला पट्टी परत बसवली, एक माशी जाईल एवढीच फट ठेवली. मग बारीक कुंचला सुनेच्या हातात दिला. "गोगलगायीच्याच घे. आणि तूच उचल. मी नातीला सांभाळतो."

तिने गोगलगायीतून पोळ्याची चौकट वर काढली. माश्यांनी साधी कुरकुरही केली नाही. अळ्या स्वल्पविरामाएवढ्या. पहिली कुंचल्यावरून निसटली. दुसरी मात्र मेणाच्या वाटीत अलगद बसली.

लांब फाटकाजवळ, आजोबांच्या कडेवरून लेक पेट्यांकडे झेपावत होती.

"पुढच्या वर्षी हं, राणी," सून वर न बघताच म्हणाली आणि तिसऱ्या अळीकडे वळली.