अप्पांचा टेकलेला पाय

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, शिकवणीची गाडी आहे. पांढरी म्हणजे आता कुठं कुठंच. बाकी सगळीकडं ओरखडे आहेत आणि प्रत्येक ओरखड्यामागं कंधारमधलं कोणी ना कोणी आहे. माझ्या टपावर लाल रंगात 'एल' लिहिलेली पाटी आहे. ती दिसली की भलेभले रिक्षावाले बाजूला सरकतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. भिऊन का होईना, वाट तर मिळते!

माझ्यात एक गंमत आहे. इतर गाड्यांना क्लच-ब्रेकची एकच जोडी असते, मला दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरी डावीकडं, शिकवणाऱ्याच्या पायाशी. दोन्ही आतून तारेनं जोडलेल्या आहेत. इकडचा ब्रेक दाबला की तिकडचाही खाली जातो.

मला नांदेडहून आणलं गुरुपादप्पांनी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात धुवट सदरा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. मी दारात आले तेव्हा त्यांच्या बायकोनं, गंगम्मांनी, मला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नवऱ्याला बजावलं, "अवो, पोरीला जपून चालवा हं." त्या दिवसापासून मी त्या घरची पोरगी झाले.

अप्पांचा हात आणि पाय दोन्ही हलके. शिकवायचेही तसंच. "एक्सलेटरवर पाय असा ठिवा, जसा निजलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठिवता," ते म्हणायचे. कोणी पहिल्याच गिअरवर मला पळवू लागला की ओरडायचे, "अरे, गाडी रडायली! वरचा गिअर टाक की." समोर गतिरोधक दिसत असताना कोणी वेगात जाऊन कचकन ब्रेक मारला, तर अप्पा हळहळायचे. "एवढं पेट्रोल जाळून पळालास, अन् ब्रेक मारून सगळं मातीत घातलंस. लांबूनच पाय उचलला असतास तर गाडी आपोआप हळू झाली असती." चाकात हवा कमी असली तर ते गल्लीच्या बाहेरही निघायचे नाहीत. मी तेव्हा किती थोड्या पेट्रोलवर किती लांब जायचे! गावात माझं नाव होतं. लोक म्हणायचे, अप्पांची गाडी नुसत्या वासावर चालते.

मग तो बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी व्यंकट नावाचा एक गडी शिकत होता. माणूस भला, पण पाय असा जड, की नांगर धरून ढेकळं तुडवल्यागत पॅडल दाबायचा. समोर एक शेळी आडवी आली. घाबरून त्यानं ब्रेकऐवजी एक्सलेटर दाबला. मी सुसाट सुटले ती नीलाबाईंच्या बांगड्यांच्या दुकानावर. दुकान कसलं, जमिनीवर अंथरलेलं एक कापड आणि त्यामागं बसलेल्या नीलाबाई. अप्पांनी आपला ब्रेक सगळा जीव लावून दाबला. माझं नाक बांगड्यांपाशी येऊन थांबलं. एकही बांगडी फुटली नाही. लोक धावत आले आणि अप्पांच्या पायाचं कौतुक करू लागले. नीलाबाईंनी तर त्या पायाला हात लावून नमस्कार केला.

मित्रांनो, माझं दुखणं तिथूनच सुरू झालं. त्या दिवसापासून अप्पांचा पाय ब्रेकवरून उठलाच नाही. दाबलेला नसायचा, नुसता टेकलेला असायचा. पण टेकलेल्या पायालाही वजन असतं. त्यानं माझी पुढची चाकं आतून सारखी धरल्यासारखी व्हायची. शिकणारा म्हणायचा चल, अप्पांचा पाय म्हणायचा थांब, आणि मी दोघांच्या मध्ये पेट्रोल पीत ओढत राहायचे. शिकणाऱ्याला काय कळणार? त्यानं दुसरी गाडी कधी चालवलेलीच नसायची. त्याला वाटायचं, गाडी अशीच जड असते.

मी सांगत नव्हते का? सांगत होते की! ब्रेकवर पाय पडला की पेटणारा माझा मागचा लाल दिवा सारखा पेटलेला असायचा. पण तो मागं, आणि अप्पा पुढं.

हळूहळू घरात कुरबुर सुरू झाली. अप्पांचा मुलगा उमाशंकर मोठा तापट माणूस. "ही गाडी न्हाई अप्पा, पेट्रोलचा हौद हाय!" असं तो रोज म्हणायचा. म्हणायचा आणि मला एखाद्या दुकानासमोर उभी करून, इंजिन चालू, एसी चालू, खुशाल फोनवर गप्पा मारत बसायचा. वर बोलणी मलाच! मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्री एकटाच मला चक्कर मारून घेऊन गेला. तेव्हा डावीकडची सीट रिकामी होती. मी काय पळाले म्हणून सांगू! त्यानं परत येऊन सांगितलं, "गाडी ठणठणीत हाय." प्लग बदलले, फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी अप्पा शेजारी बसले आणि पुन्हा तेच.

शेवटी उमाशंकरनं मुखेडच्या एका भंगारवाल्याशी बोलून टाकलं. भंगार! ते ऐकून माझं काळीज पार हललं. माझे दरवाजे एकीकडं, इंजिन एकीकडं जाणार. गंगम्मा दिवसभर माझ्या काचा पुसत बसल्या. अप्पा म्हणाले, "तारामतीबाईची शिकवणी उरलीय. मुखेडपर्यंत त्याच चालवतील. तेवढं तरी पुरं व्हऊ दे."

तारामती जवळच्या खेड्यातल्या. घरी टेम्पो होता, त्यातून आपल्या मळ्यातली वांगी-टमाटे त्यांना स्वतः बाजारात न्यायची होती. त्या डोक्यावर पदर घेऊन, चप्पल काढून, अनवाणी पायानं मला चालवायच्या. "पायाला कळाया पाहिजे की," म्हणायच्या. त्यांचा पाय हलका होता. मला त्या फार आवडायच्या.

आम्ही सकाळी निघालो. तारामती चालवत होत्या, अप्पा शेजारी, आणि अप्पांना परत आणायला उमाशंकर मोटरसायकलवर मागं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना तूर उभी होती. अप्पा एक हात माझ्या दारावर फिरवत होते आणि पाय होता तिथंच होता.

एका फाट्यावर चहाला थांबलो. उमाशंकर मोटरसायकल लावून तरातरा आला.

"काकू, ब्रेकवरचा पाय काढा की! कंधारपासून बघायलोय, मागचा लाल दिवा विझंनाच."

तारामती गडबडल्या. "मी? मी कुठं ब्रेक दाबला? माझा पाय तर हिकडं एक्सलेटरवर व्हता."

"मग दिवा काय उगाच पेटलाय? आता बी पेटलेलाच हाय!"

तारामतींनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय मोकळे होते, आणि तरी त्यांच्यासमोरचा ब्रेक थोडा खाली गेलेला होता. त्यांनी हळूच मान वळवून डावीकडं बघितलं. उमाशंकरनंही खिडकीतून वाकून बघितलं. अप्पांनी सगळ्यात शेवटी बघितलं.

अप्पांनी पाय उचलला. मागं माझा दिवा विझला.

उमाशंकर चाकापाशी बसला. हात जवळ नेला आणि चटकन मागं घेतला. चाक तापलेलं होतं, जळका वास येत होता. तो रागावणार असं मला वाटलं. पण अप्पांचे डोळे भरून आले होते.

"नीलाबाईची बांगड्यांची चादर अजून दिसतीया रे मला," अप्पा म्हणाले. "पाय उचलला की जीव घाबरा व्हतो. मी लोकांला सांगायलो, ब्रेकवर पाय ठिवून गाडी चालवू नका. अन् माझाच पाय..."

तारामतींनी सरळ विचारलं, "अप्पा, मला गाडी येती का न्हाई?"

"येती की."

"खरं सांगायलाव ना?"

"हाव. लई चांगली येती."

"मग मांडी घालून बसा."

आणि मित्रांनो, अप्पा खरंच सीटवर मांडी घालून बसले! पूजेला बसतात तसे, गळ्यातलं लिंग मुठीत धरून, डोळे मात्र टक्क उघडे. पहिलं वळण आलं तेव्हा त्यांनी मांडी आणखी आवळली. समोरून एसटी आली तेव्हा त्यांनी "शिव शिव" म्हटलं. पाय खाली आला नाही. तारामतींनी लांबूनच वेग कमी केला, एसटीला वाट दिली आणि गिअर बदलून पुन्हा निघाल्या. अहाहा! किती दिवसांनी माझी चाकं मोकळी फिरत होती. मला पेट्रोलचे नुसते घोट पुरत होते.

मुखेड आलं. उमाशंकरनं पुन्हा चाकाजवळ हात नेला. या वेळी तो तिथंच ठेवला. मग त्यानं भंगारवाल्याला फोन लावला आणि म्हणाला, "गाडी द्यायची न्हाई. घरातली हाय ती." परत येताना त्यानं मोटरसायकल पुढं घेतली. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

आता मी पुन्हा शिकवते आहे. बाजारात अप्पांचा पाय तयारीत असतो, पण ब्रेकच्या बाजूला, जमिनीवर. मोकळ्या रस्त्यावर तो चुकून सरकलाच, तर शिकणारी पोरं ओरडतात, "अप्पा, मांडी!" उमाशंकरही फोन आला की आधी माझं इंजिन बंद करतो. मित्रांनो, तुमच्या घरची गाडी फार पेट्रोल पिते अशी ओरड झाली, तर तिला लगेच नावं ठेवू नका. एकदा चालवणाऱ्याच्या पायाकडं बघा. आणि पाय जड कशानं झालाय तेही प्रेमानं विचारा.

परवा कंधारच्या किल्ल्यामागच्या माळावर तारामतींचा टेम्पो दिसला. त्यांची मुलगी विशाखा चालवायला शिकत होती. टेम्पोला दुसरा ब्रेक नाही, तरी तारामतींचा अनवाणी पाय खालच्या चटईवर गच्च रोवलेला होता. अप्पांनी हाक मारली, "तारामतीबाई!"

तारामतींनी जीभ चावली आणि सीटवर मांडी घातली. टेम्पो हळूच पुढं निघाला. मी त्याच्या मागच्या दिव्याकडं बघत राहिले. तो विझलेलाच होता.