डावेकाकांची व्हॅन

आमची व्हॅन उजवीकडे वळायची नाही. ही तक्रार नव्हे. आमच्या घरात ही गोष्ट पत्ता सांगावा तितक्या सहज सांगितली जायची. सोफ्याला नवीन कापड लावून घ्यायला कुणी गिऱ्हाईक आलं, की आमचे हे कापड कुठलं, रंग कुठला, काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच.

"घर डावीकडे आहे की उजवीकडे?"

"कशाच्या डावीकडे?" गिऱ्हाईक गोंधळायचं.

"आमच्या."

उजवीकडे कुणी राहत असेल, तर हे खांदे उडवून सांगायचे, "तीन डावी वळणं घेऊन येतो, थोडा उशीर होईल." आणि खरंच यायचे. एक उजवं वळण टाळायला अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालायचे, सोफा मागे, दोन खुर्च्या टपावर. जिथे तीन डाव्यांनीही जमायचं नाही, तिथे सोफा कोपऱ्यावर उतरवून ठेवायचा आणि मंडळींनी आपापला उचलून न्यायचा. लोक न्यायचेसुद्धा. कारण ह्यांच्या हाताला सफाई आहे, ते मला मान्य करावंच लागतं. गल्लीतली पोरं ह्यांना डावेकाका म्हणायची आणि हे त्यावर खूश असायचे.

हळूहळू तो रोग घरातही शिरला. जेवताना पाण्याचा तांब्या उजव्या हाताला असला, तर हे उठून टेबलाला वळसा घालून तो आणायचे. मी एकदा तांब्या उचलून ह्यांच्या पुढ्यात आदळला. "सवय," म्हणाले.

"मग दुरुस्त का करत नाही ती व्हॅन?" हे मी किती वेळा विचारलं असेल, देव जाणे.

"अगं, स्टिअरिंग रॅक गेलाय. तो पार्ट आता येत नाही."

मी विश्वास ठेवला. सोफ्याच्या पोटातलं मला सगळं कळतं, स्प्रिंग कुठे बसली आहे ते नुसतं बसून सांगते. पण गाडीच्या पोटातलं आपल्याला काय कळणार?

आता अडचण अशी, की माझी ताई पुलापलीकडे राहते. पूल नदीकाठच्या रस्त्याला उजवीकडे फुटतो. तो रस्ता एकेरी, आणि पुलाच्या बरोबर समोरच्या गल्लीला पायऱ्या. म्हणजे डावीकडून कितीही फेऱ्या मारा, पूल उजवीकडेच राहतो. मी आपली बसने जायचे, तासभर बसायचे, घड्याळ बघत उठायचे. हे कधी आले नाहीत. ताई आणि भाऊजी आमच्याकडे कधी आले नाहीत. दोघी सख्ख्या बहिणी, एका शहरात, आणि आमच्या घरातल्या भिंतींचा रंग कुठला हे तिला माहीत नाही.

ह्या न जाण्यायेण्याची सुरुवात एका जेवणापासून झाली होती. ताईच्या घरी, ह्यांनीच भेट दिलेल्या सोफ्यावर बसता बसता भाऊजी म्हणाले, "वाजतोय जरा." भाऊजी नळाची कामं करतात. ह्यांनी स्वयंपाकघराकडे कान लावला आणि म्हणाले, "तुमचा नळही गळतोय जरा." एवढंच. आवाज चढला नाही, ताट सरकवलं नाही. दोघंही हसले. ते हसणं बघूनच मला कळलं होतं की आता काही खरं नाही.

मग ताईचा फोन आला. मुलाने त्यांना आपल्या शहरात बोलावलं होतं, इथून दिवसभराच्या प्रवासावर. रविवारी निघणार. "एकदा दोघं मिळून या गं," ती म्हणाली. "चौघं एकत्र जेवू. तेवढंच."

ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडली नाही. म्हणून मीच फोन ठेवून ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि मग ह्यांची दुपारची झोप लागल्यावर किल्ली घेऊन निघाले. लायसन्स माझ्याकडे लग्नाआधीपासून आहे. गॅरेज डावीकडे होतं, नाहीतर माझी गोष्ट पहिल्या चौकातच संपली असती.

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. म्हटलं, "पार्ट येत नाही ते ठाऊक आहे. जुना कुठून मिळत असेल तर बघा, ठोकून बसवा, काहीही करा. रविवारच्या आत मला पूल ओलांडायचाय."

"येत नाही कोण म्हणालं?" त्याने फळीकडे बोट दाखवलं. तिथे दोन लांबट खोकी धूळ खात पडली होती. एकावर खडूने लिहिलं होतं, 'गादीवाले', म्हणजे आम्ही. "वहिनी, हा कधीचा आणून ठेवलाय. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, असू दे. घाई नाही."

माझं डोकं इतकं तापलं, की दुसऱ्या खोक्यावर काय लिहिलं आहे ते बघायचं मला सुचलंच नाही.

"बसवा," मी म्हणाले.

"साहेबांना विचारून…"

"साहेब झोपलेत."

त्याने गाडी वर घेतली. जुना रॅक काढून माझ्यापुढे धरला. हा दात असलेला एक दांडा असतो. आपण स्टिअरिंग फिरवलं, की हा इकडेतिकडे सरकतो आणि चाकांना वळवतो. एका बाजूचे दात पार खाल्ले गेले होते आणि दांडा मध्येच वाकला होता. "डावीकडे ठीक चालायचा," मिस्त्री कौतुकाने म्हणाला, जणू नापास पोराचे चित्रकलेतले मार्क सांगत होता. नवा रॅक बसवला, चाकं सरळ करून घेतली, आणि मी परत येताना मुद्दाम एक उजवं वळण घेतलं. कारण नसताना. तिथे कुणी ओळखीचं राहतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, "चला, ताईकडे जेवायला. रॅक बसवलाय."

हे कापड कापत होते. कात्री तशीच थांबली. "मिळाला वाटतं," म्हणाले.

"फळीवर मिळाला."

ह्यांनी कात्री खाली ठेवली. गुपचूप शर्ट बदलला.

नदीकाठी आलो. पूल दिसला. ह्यांनी गाडी हळू केली, इंडिकेटर दिला, आणि पूल आमच्या उजवीकडून शांतपणे निघून गेला.

"अहो!"

"चाक जड आहे."

"मी काल एका बोटाने फिरवलं."

परत डावी, डावी, डावी, पुन्हा नदीकाठ. पुन्हा इंडिकेटर, पुन्हा पूल गेला. तिसऱ्या वेळी इंडिकेटर तेवढा लागला, माणूस वळला नाही. मागे हॉर्नची रांग लागली. रिकाम्या टेम्पोतला एकजण ओरडला, "काका, पूल विकत घेणार आहात का?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच. "मी एवढ्या वर्षांनी गेलो, तर तो नळवाला म्हणेल, लागली तर खरी गाडी वळायला." आवाज इतका बारीक होता, की माझा राग एका क्षणात गेला आणि मला ह्यांची दया आली. दया आली याचाच मग जास्त राग आला.

"उतरा," मी म्हणाले. "इकडे बसा."

मी पूल ओलांडला.

ताईच्या घरी खोकी बांधून झाली होती. राहिले होते फक्त सोफा, टेबल आणि आम्ही. भाऊजींनी दार उघडलं. ह्यांच्याकडे बघितलं, मग बाहेरच्या व्हॅनकडे.

"स्टिअरिंग झालं वाटतं."

"हो," हे म्हणाले.

"माझ्या गाडीचं अजून तसंच आहे. डावीकडे अडतं. पार्ट येत नाही म्हणतात."

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणून तर तुझ्याकडे येणं झालं नाही गं. बस मला लागते, आणि तुमच्या गल्लीत शिरायला डावीकडे वळावं लागतं ना."

तेव्हा मला ते दुसरं, तसंच लांबट खोकं आठवलं. मी मिस्त्रीचं नाव घेतलं, फळी सांगितली, खडू सांगितला. भाऊजी जमिनीकडे बघायला लागले. हे छताकडे. ताईने ओढणीला हात पुसले, खूप वेळ पुसले. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुझं घर बघायचं राहिलं ते उगीचच."

मी किल्ली उचलली. "चल."

"जेवण?"

"ह्या दोघांना वाढून घेऊ दे."

मी तिला घरी आणलं. तिने दारातूनच भिंती बघितल्या. "पिवळा होय," म्हणाली. "मला वाटायचं हिरवा असेल." आम्ही चहा घेतला, एकमेकींना टोचून बोललो, रडलो, तिने माझे डबे लावून दिले आणि चुकीचे लावले. आजवर मी ते तसेच ठेवलेत.

परत गेलो, तेव्हा दोघं पुरुष टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. जेवण तसंच. बोलणं झालेलं दिसत नव्हतं. ह्यांच्या शर्टाला काथ्या चिकटला होता, भाऊजींच्या बाह्या ओल्या होत्या. ताई सोफ्यावर बसली. सोफा वाजला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नळ गळत नव्हता.

मग चौघं जेवलो. गार जेवण, पण पोटभर.

रविवारी ते गेले. घर रिकामं आहे, अजून कुणी आलेलं नाही. आता हे रोज संध्याकाळी व्हॅन काढतात, नदीकाठी जातात, पुलावर उजवीकडे वळतात, त्या बंद दारापर्यंत जातात आणि परत येतात. मी विचारलं, तिकडे आता काय आहे?

"काही नाही," म्हणाले. "नवा रॅक आहे. वापरात राहिला पाहिजे."