नऊ किलो नऊशे ग्रॅम

मित्रांनो, माझी सुई शून्यावर नेमकी थांबत नाही. ती शून्याच्या रेघेच्या डावीकडे, केसभर अलीकडे उभी राहते. हे अंतर मोजायला गेलं तर अर्धा मिलिमीटरही भरणार नाही. माझ्या डोक्यावर एक छोटा पितळी स्क्रू आहे. तो पाव फेरा उजवीकडे फिरवला की सुई रेघेवर येते. छायाबेन रोज सकाळी हात धुऊन सगळ्यात आधी तो स्क्रू फिरवतात, झोळी रिकामी आहे ना ते बघतात, आणि मगच दार उघडतात.

मी एक जुना वजनकाटा आहे. सुरतेच्या गोडादरा भागात, भाड्याच्या एका तळमजल्याच्या खोलीत अंगणवाडी भरते; छायाबेन तिच्या सेविका. तिच्या छताच्या कडीला मी टांगलेला असतो. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि खाली आकड्याला जाड कापडाची झोळी. भार दुप्पट झाला की स्प्रिंग दुप्पट ताणली जाते, सुई तेवढीच पुढे जाते. मला येतं ते एवढंच. चेहऱ्यांत माझी गफलत होते. भारात होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला एका मागोमाग एक नेमकी वजनं लावून पाहिली आणि मग तबकडीवर काच बसवली. खोक्यात भुसा भरून मला इथे पाठवलं. त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या झोळीत बसलेली पहिली मुलगी आता सायकलवरून शाळेला जाते आणि माझ्याकडे बघतही नाही. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही. काट्याचं काम विसरलं जाण्यातच आहे.

एकदा पाहणीला आलेल्या एका बाईंनी वहीत शेरा लिहिला, ‘काटा अचूक आहे.’ त्या दिवशी छायाबेननी माझी काच नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसली. पुढे डिजिटल काटा आला. लाल आकडे, काचेची गुळगुळीत पाटी. मला काढून कपाटामागच्या खिळ्याला अडकवलं. सहा महिन्यांत माझ्या आकड्यावर गंज चढला आणि एका कोळ्याने तबकडीवर घर केलं. मग डिजिटलचे सेल संपले. नवे मागवले, ते आलेच नाहीत. शेवटी इंदुबाईंनी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब मला पाजले आणि मी पुन्हा छताला लागलो. इंदुबाई म्हणजे आमच्या मदतनीस. घराघरातून मुलांना बोलावून आणतात, म्हणून इथे त्यांना तेडागर बेन म्हणतात.

या अकरा वर्षांत झोळीचे बंद बांधणारे हात बायकांचेच होते. आईचे, आजीचे, मावशीचे. पुरुषाचे हात किती आले, ते बोटांवर मोजता येईल. मला बोटं नाहीत हा भाग वेगळा.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं. महिन्यातला एक दिवस वडिलांचा. त्या दिवशी वजन आईने करायचं नाही. वडिलांनी यायचं, मुलाला स्वतःच्या हातांनी झोळीत बसवायचं आणि आकडा स्वतः वाचायचा. सोबत एक रंगीत कागद होता. मिशीवाला एक हसरा बाप, त्याच्या खांद्यावर बाळ. इंदुबाईंनी तो भिंतीवर चिकटवला. पहिल्या महिन्यात कोणीच आलं नाही. दुसऱ्या महिन्यात दोघं आले आणि दारातच चपला न काढता उभे राहिले. तिसऱ्या महिन्यात छायाबेन लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांच्या फाटकावर गेल्या. रातपाळी सुटून माणसं बाहेर पडत होती. तिथेच एकेकाला नावाने हाक मारून त्यांनी सांगितलं, “घरी नंतर जा. आधी माझ्याकडे या. मुलांना इंदुबाई आणून ठेवतील.”

त्या दिवशी अकरा बाप आले. कोणाच्या केसांत सुताचे तंतू होते, कोणाच्या भुवईवर. दारात चहाची किटली फिरत होती.

“छायाबेन, आधी माहं वजन घ्या,” बुलढाण्याकडचा योगेश म्हणाला. “बारा तास उभा राहून मी निम्मा झालो.”

“तुम्हाला ट्रकचा काटा लागेल, योगेशभाई,” इंदुबाई म्हणाल्या. सगळे हसले. योगेश सगळ्यात मोठ्याने हसला आणि चहाचा पेला घेऊन ओट्यावर फोनवर बोलत बसला.

ओट्याच्या कडेला भूपेंद्र उभा होता. तो खानदेशातला, अमळनेरकडचा. त्याची मुलगी ध्रुवी, वीस महिन्यांची. तिच्याबद्दल तुम्हाला आधी सांगायला हवं, मित्रांनो, कारण पुढे जे घडलं ते तिच्याबद्दल आहे.

ध्रुवी आईच्या माहेरी जन्मली आणि त्या दिवसाच्या चार महिने आधी सुरतेला आली. पहिल्यांदा माझ्या झोळीत बसली तेव्हा सुई सात किलो पाचशेवर थांबली. पुढच्या महिन्यात सात चारशे. मग सात तीनशे. एवढ्या वयाच्या मुलीच्या मानाने हे फारच कमी. छायाबेनच्या तक्त्यावर तो ठिपका तांबड्या पट्ट्यात पडला. अशा मुलांसाठी सरकारी दवाखान्यात एक केंद्र आहे. तिथे चौदा दिवस ठेवून मुलाला थोडं थोडं खाऊ घालतात, औषध देतात, रोज वजन घेतात. पण मुलासोबत घरच्या माणसाने राहावं लागतं. ध्रुवीची आई उज्ज्वला हिला आठवा महिना होता. दवाखान्यातल्या बाकावर चौदा दिवस काढणं तिला जमणारं नव्हतं. आणि भूपेंद्रने कारखान्यात चौदा दिवस दांडी मारली तर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला असता. छायाबेन तीन महिन्यांत तीनदा त्याच्या घरी जाऊन आल्या. तिन्ही वेळा दुपार होती आणि तो झोपलेला होता. चादरीतूनच तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात पाहू.” मी हे छायाबेनच्या तोंडून ऐकलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त तारखा वाचून दाखवल्या होत्या.

त्या दिवशी वरच्या कार्यालयातून जयश्रीबेन आल्या होत्या. नव्याच लागलेल्या, हसतमुख. वजन करवून घेण्याचं काम त्यांनी घेतलं. छायाबेन दाराजवळ पाठमोऱ्या बसून वह्या भरत होत्या. खोलीत चटईवर मुलं बसली होती. त्यांपैकी पाच मुलींच्या अंगात एकसारखे झबल्यासारखे फ्रॉक होते, पिवळ्यावर तपकिरी नक्षी. छपाई बिघडलेलं ते कापड गल्लीत आलं आणि उज्ज्वलाने सगळ्यांच्या पोरींना त्यातून फ्रॉक शिवून दिले. उन्हाळा होता, म्हणून पाचही जणींच्या डोक्याचे गोटे केलेले.

“ध्रुवी, भूपेंद्रभाईंची!” जयश्रीबेननी यादीतलं नाव वाचलं.

भूपेंद्र आत आला. चटईच्या कडेला जरा थांबला. एका मुलीने वर पाहून दोन्ही हात पसरले. त्याने तिला उचललं.

तिला झोळीत ठेवल्याबरोबर माझी स्प्रिंग चरकली. मित्रांनो, हा भार माझ्या ओळखीचा होता. पण ध्रुवी म्हणून नव्हे. सुई दोन-तीन वेळा हेलकावली आणि थांबली. नऊ किलो नऊशे.

“नऊ किलो नऊशे!” जयश्रीबेन आनंदाने ओरडल्या. “अरे वा! गेल्या महिन्यात सात तीनशे होती. थांबा भूपेंद्रभाई, फोटो काढू.”

भूपेंद्रचा चेहरा खुलला. “पाहा ना बेन! आणि छायाबेन मला उगाच घाबरवत होत्या. चौदा दिवस दवाखान्यात ठेवा म्हणे.”

फोटो निघाला. जयश्रीबेनच्या बोटाने तो तिथल्या तिथे कार्यालयाच्या ग्रुपवर गेला. बंद सुटले, मुलगी उतरली आणि धावत चटईवरच्या पिवळ्या फ्रॉकमध्ये मिसळली.

मला ओरडावंसं वाटलं. पण मला सुईशिवाय जीभ नाही आणि सुई शून्यावर गेलेली होती.

छायाबेनचं पेन थांबलं. त्या उठून माझ्यापाशी आल्या.

“एका महिन्यात दोन किलो सहाशे वाढ होत नाही,” त्या म्हणाल्या.

“मग काटाच खराब असणार,” जयश्रीबेन म्हणाल्या. “किती जुना आहे! डिजिटलचे सेल का नाही घातले तुम्ही?”

अकरा वर्षांत मला कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. छायाबेन वळल्या. त्यांनी कपाटातून पोषण आहाराची एकेक किलोची दोन पाकिटं घेतली आणि झोळीत ठेवली. सगळे बघत होते. माझी सुई दोनावर जाऊन उभी राहिली. त्यांनी आणखी एक ठेवलं. तीन.

“काटा बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. मग भूपेंद्रकडे न बघताच हळू आवाजात, “भूपेंद्रभाई, पोरीला पुन्हा आणा.”

तो वळला. चटईपर्यंत चार पावलं होती. तिथे जाऊन तो उभा राहिला. एका फ्रॉककडे त्याने पाहिलं, मग दुसऱ्याकडे. पाय उचलला, परत ठेवला. खोलीतला आवाज हळूहळू कमी होत गेला, जसं पंखा बंद केल्यावर होतं. तो खाली वाकला आणि पुन्हा त्याच मुलीला त्याने उचललं.

“अबे भूपेंद्र!” योगेश दारातून हसत ओरडला. “ते माही स्नेहा हाय ना बे! तुही कुठं ठेवली?”

तो एकटाच हसला. मग त्याचंही हसू थांबलं.

स्नेहा भूपेंद्रच्या हातांतून बापाकडे झेपावली. भूपेंद्रचे हात तसेच राहिले, पुढे केलेले, रिकामे. जयश्रीबेन फोनकडे पाहत मटकन खुर्चीत बसल्या. कोणाच्या तरी हातातला चहाचा पेला तिरपा होऊन गळत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

“ध्रुवी तुमच्या मागे आहे,” छायाबेन म्हणाल्या.

ती माझ्याखाली बसली होती. झोळीचा लोंबणारा बंद मुठीत धरून. चटईवरून केव्हा सरकत आली ते कोणाला कळलंच नव्हतं. ना रडत होती, ना हसत होती. हात पसरायला अंगात बळ लागतं, मित्रांनो.

भूपेंद्रने तिला उचललं. पहिल्या क्षणी त्याचे हात गरजेपेक्षा वर गेले. इतका हलका भार असेल अशी त्याच्या हातांची कल्पनाच नव्हती. त्याने तिला झोळीत बसवलं, बंद बांधले. मी हेलकावलो. मग मी थांबलो. माझ्या तबकडीवर त्याने स्वतः वाचलं, “सात... दोनशे.”

गेल्या महिन्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी.

इंदुबाई केव्हाच उज्ज्वलाला बोलवायला पळत गेल्या होत्या. उज्ज्वला पोटावर हात ठेवून, धापा टाकत दारात आली. “काय व्हयनं? पडनी का पोर?”

इंदुबाईंनी अडखळत सांगितलं. उज्ज्वलाने नवऱ्याकडे पाहिलं.

“तुमले तुमनी पोर वळखू नही उनी?”

भूपेंद्रने झोळी हलू नये म्हणून हाताने धरली.

“दिनभर मी तिले बाहेर लई बसस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुमनी झोप मोडाले नको म्हनीसन. तिले रडू बी देत नही.”

मित्रांनो, मी त्या दिवशी जेवढा हादरलो तेवढा कपाटामागे गंज खातानाही हादरलो नव्हतो. माझ्यासारख्या जुन्या काट्याची निगा राखा, एवढी माझी विनंती आहे. महिन्यातून तेलाचे दोन थेंब द्या, आकड्याला ओलं फडकं लावू नका, आणि आमचा आकडा पटला नाही तर आम्हाला फेकण्याआधी एकदा तपासून बघा. पण एक गोष्ट मला कितीही तेल दिलं तरी येणार नाही. मूल किती किलोचं आहे ते मी सांगतो. ते आपलं आहे, हे फक्त रोज उचलणाऱ्या हातांना कळतं. तुम्ही आज लहान आहात. उद्या मोठे व्हाल, कामाला लागाल, दमून घरी याल. तेव्हा आधी मुलाला उचला आणि मग झोपा. आणि आज तुमचे वडील दमून आले असतील, तर त्यांच्यापुढे हात पसरा. त्यांना कदाचित माहीत नसेल की तुम्ही वाट पाहता.

जयश्रीबेननी फोन खाली ठेवला. “फोटो मी काढून टाकलाय. खरं काय घडलं तेही कळवलंय,” त्या म्हणाल्या. “केंद्रात आजच जागा आहे. पण तिच्यासोबत राहणार कोण? तिथे नेहमी आईच राहते.”

छायाबेननी भिंतीवरच्या त्या रंगीत कागदाकडे पाहिलं. दारातले बाप एकमेकांकडे बघायचं टाळत होते. योगेशने स्नेहाला घट्ट धरलं होतं.

“कारखान्यात काय सांगशील?” कोणीतरी हळूच विचारलं.

ध्रुवी अजून झोळीतच होती. भूपेंद्रने एक तळहात तिच्याखाली सरकवला. मग दुसरा. माझी सुई सातवरून सहावर आली, चारवर आली, एकवर आली. बंद अजून बांधलेलेच होते, पण माझ्यावर आता झोळीचाही भार उरला नव्हता. सुई शून्याच्या रेघेच्या डावीकडे, केसभर अलीकडे जाऊन थांबली.

“तिनासंगे मी ऱ्हासू,” भूपेंद्र म्हणाला. “चौदा दिन.”