यंत्राच्या दारातली मेंढी

प्रथिनांचं वजन करणारं ते यंत्र मिळावं म्हणून बुरुलकान-एजेनं सात वर्षं अर्ज केले. एजे म्हणजे ताई; मी तिच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुते. यंत्र आलं तर अल्लाच्या नावानं मेंढी देईन, असं मी पहाटेच्या नमाजानंतर बोलले होते. यंत्र आलं. मेंढीही आणली.

यंत्र संस्थेतल्या चार विभागांनी पाळीपाळीनं वापरायचं होतं. ते बसवणारा अभियंता आत शुद्ध पाणी सोडून बघणार होता. त्यात केसाचा, कातडीचा, रक्ताचा अंश दिसला तर सही नाही, आणि यंत्र दुपारच्या ट्रकनं परत बिश्केकला.

मेंढी कापायला मी पशुवैद्यक विभागाच्या तोक्तोसुन-आकेला, म्हणजे तोक्तोसुनदादाला, सांगितलं होतं. फाटकाबाहेर, असंही सांगितलं. पण आमच्याकडे नव्या गाडीच्या चाकालासुद्धा रक्त लागतं. त्यानं मेंढी थेट यंत्राच्या खोलीच्या दारात आडवी पाडली.

सुरी फिरली. रक्त भिंतीवर उडालं, उंबऱ्याकडे वाहू लागलं. तळवा त्यात बुडवून तो वळला, तोवर एजे दार ओढून पाठ टेकून उभी होती.

"नुसतं बोट लावतो, एजे. नाहीतर तुझं हे लाडकं पहिल्याच हिवाळ्यात मरेल."

"तुझ्या अंगावर अख्खी मेंढी आहे. आत गेलास तर ते आजच मरेल."

त्यानं तिला खेचलं. ती हलेना, तेव्हा तोंडावर कोपर मारलं. एकदा, मग पुन्हा. तिच्या हाताला खोकं उघडायची पहार लागली. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी व्हरांड्याच्या टोकाला ऐकला. दुसरा गुडघ्यावर. तो अजून तडफडणाऱ्या मेंढीवर कोसळला, पण पडता पडता डाव्या हातानं एजेचे केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याच्या मुठीत केसांची बट होती.

एजेनं तोंड उघडलं नाही. दाराशी रक्त थुंकायला नको म्हणून गिळत राहिली. मी उंबरा तीनदा धुतला. तासाभरानं आतला अभियंता बाहेर आला. पडद्यावरची रेघ सरळ होती, पाण्यात कसलाच अंश नव्हता. त्यानं सही केली.

मग एजेनं तोंडातले दोन तुटलेले दात हातमोज्यात काढून ठेवले.

नवस माझा होता, म्हणून मांस मी वाटलं. तिला चावता येईना. तिला नुसता रस्सा दिला. तोक्तोसुन-आकेचा वाटा दवाखान्यात न्यायला निघाले, तर तिनं थांबवलं. मला वाटलं, नको म्हणेल.

"सोमवारची पाळी त्याच्या विभागाची आहे, ती तशीच राहील," सुजलेल्या ओठांनी ती म्हणाली. "म्हणावं, आंघोळ करून ये."