ओलाव्याचा चौकोन

त्या काळी मुरबाडच्या रस्त्यावरच्या एका भातगिरणीत माप लिहायला सरस्वती बसायची. धान्य मोजताना लिहिणाऱ्याने नजर काट्यावर ठेवायची आणि हात आपला चालू द्यायचा, ही रीत तिला तिच्या बापाने, कोंडू मापाड्याने, शिकवलेली. लिहिणाऱ्याने मान खाली घातली, की भात आणणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकलीच.

गिरणीत कॉम्प्युटर आला, तरी तिने रीत सोडली नाही. हमाल ओरडेल तो आकडा काटा बघत दाबायचा, मग टॅबचं बटण, की पुढचा चौकोन. गाव, नाव, पोती, वजन. दोन हंगाम कुणाची तक्रार आली नाही.

तिसऱ्या हंगामात भाताचा ओलावाही लिहायचं ठरलं. प्रोग्राम करणारा अनिल कल्याणहून आला, पडद्यावर नाव आणि पोती यांच्या मध्ये ओलाव्याचा नवा चौकोन बसवला आणि चहा पिऊन गेला. हमालही त्याच क्रमाने ओरडू लागला. संध्याकाळी पावत्या छापून वाटल्या.

सकाळी सिद्धगडच्या पायथ्याचा मंगळू भाताची दुसरी खेप घेऊन आला, तो पावती नाचवतच. "बारा पोती घातली मी. हितं चौदा लिवल्यात, नि वजन बारा किलो! पोत्यात काय वारा भरलावता रे?"

मागची माणसं हसली. मग आपापल्या पावत्या बघून तीही एकदम बोंबलायला लागली.

गिरणीचा मॅनेजर वाल्मिकशेठ ओट्यावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईची नजर गेली. उद्यापासून माझा भाचा बसंल."

सरस्वतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मापात राहून तिच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. "आधी त्या कल्याणवाल्याला बोलवा," ती म्हणाली. "त्याशिवाय मी हितनं उठायची नाय."

दुपारी अनिल आला. माउसने एकेका चौकोनावर टिचकी मारून त्याने आकडे भरले. सगळं बरोबर आलं.

"बघा ना ताई, प्रोग्राम ठीक आहे. तुम्ही स्क्रीनकडे बघून टाइप करत जा."

"मी पडद्याकडं बघू, नि काटा कोण बघंल? तुजा बाप?" सरस्वती कडाडली. "तो उंदीर सोड. बटणं दाबून भर. मी भरतंय तशी."

अनिलने गाव भरलं, टॅब. नाव भरलं, टॅब. कर्सर ओलाव्यावरून उडी मारून थेट पोत्यांवर गेला. तिथून वजनावर, आणि सगळ्यात शेवटी ओलाव्यावर. अनिलचे कान लाल झाले.

"नवा चौकोन नंतर टाकला ना, म्हणून त्याचा नंबर शेवटचा लागला. दिसतो मध्ये, पण टॅबला तो शेवटचा. म्हणून ओलाव्याचे चौदा पोत्यांत गेले आणि पोत्यांचे बारा वजनात. नंबर बदलायचे राहिले माझे."

तो प्रोग्रामच्या आत शिरला, तीन चौकोनांचे नंबर बदलले. मंगळूचा चहा संपायच्या आत काम झालं.

ते बघून सरस्वती शांत व्हायची ती आणखीच पेटली. एवढंसं काम! एवढ्याशासाठी तिला चारचौघांत आंधळी ठरवलं!

"झालं ना? मिटलं," वाल्मिकशेठ म्हणाला. "बसा आता, माणसं खोळंबल्यात."

"मिटलं कसं? ओट्यावर चला."

शेठ कुरकुरत बाहेर आला. "ऐका रे, कॉम्प्युटरची चूक होती. पावत्या परत मिळतील."

"माजी नजर गेली असं कॉम्प्युटर म्हनला का? तुमी म्हनलात. तुमच्या तोंडानं."

"काय गो बाय, किती ताणशील?"

"तुमी तोडलंत, मी ताणतंय."

मंगळूने उतरवायला घेतलेलं पोतं परत टेम्पोत टेकवलं. "शेठ, बोला नं. आमी थांबतो." पाठोपाठ बाकीच्यांनीही हात आवरले.

"बाईची नजर बरी हाय," शेठ पुटपुटला.

"आवाज त्या टोकाच्या टेम्पोपातूर जाऊ दे."

शेठने इकडेतिकडे पाहिलं आणि जवळजवळ ओरडूनच ते वाक्य पुन्हा म्हटलं. कुणी हसलं नाही.

सरस्वती खुर्चीवर जाऊन बसली. राग काही उतरला नव्हता. बटणं इतक्या जोरात आपटत होती की अनिल निघताना दारात थांबला.

"ताई, हळू. कीबोर्ड तुटेल."

"तुटू दे," ती म्हणाली. "चल रे मंगळू, गाव सांग."