बुडाला चार भोकं

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. रंगाची. अंगावर पांढरे-पिवळे ओघळ सुकलेले आहेत आणि कडी एका बाजूने निखळली म्हणून तिथे तार बांधली आहे. माझं सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं, तीच खोटी निघाली. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे.

ती गोष्ट म्हणजे, गळायचं नाही.

मी साच्यातून बाहेर पडले तेव्हा अंग गरम होतं. एका कामगाराने मला पाण्याने भरलं, उचललं आणि माझ्या बुडाखालून हात फिरवला. हात कोरडा निघाला. "पास," तो म्हणाला. शेजारची बादली थेंबभर गळाली, तर तिला तिथल्या तिथे चुऱ्याच्या यंत्रात टाकलं. जन्माला येऊन तिचं अंग निवलंही नव्हतं. मी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं, जीव गेला तरी चालेल, गळायचं नाही.

पुढे रंगाऱ्याने मला खूप वापरलं आणि खूप मिरवलं. "माझ्या भावाच्या पोटात एक गोष्ट राहत नाही," तो म्हणायचा, "पण हिच्या पोटातून थेंब बाहेर पडायचा नाही." एका दोन खोल्यांच्या घराचं काम संपवून तो मला तिथेच विसरून गेला. त्या घरात कपडे शिवणारी बाई राहायची. तिने मला घासलं, पाण्याला ठेवलं. नळ नीट चालू झाला तशी मी दारामागे गेले. माझ्यात झाडू उभा राहिला, चिंध्या पडल्या. घरातल्या कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

बाईचं मशीन भिंतीला चिकटून होतं. मान वर केली की भिंत, खाली केली की सुई. तिला उभं राहायला जागा एकच, बाल्कनी. तीही अशी की दोघं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास आत घ्यायचा. तिच्या नवऱ्याचं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं, नेमकं त्याच बाल्कनीवर लक्ष.

"पत्रे मारून घेऊ," तो म्हणाला. "मशीन तिकडे गेलं की खोली मोकळी होईल."

"आणि मी डब्यात."

"डब्यात कशाला? छोटी खिडकी ठेवू की."

बाईने दात धागा तोडायला वापरले, नाहीतर काय बोलली असती देव जाणे. मग म्हणाली, "एक झाड लावते. त्याला फळ आलं तर पत्रा नाही. मेलं तर खुशाल मारा."

"मेलंच समज," नवरा म्हणाला आणि हसला.

असा माझा नंबर लागला. चिंध्या बाहेर, माती आत, मातीत टोमॅटोचं वीतभर रोप. बाल्कनीच्या उन्हात मी उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आता दाखवते यांना.

आणि मग मी जे पाहिलं, त्याने मी हादरले.

सकाळी बाई मगभर पाणी घालून मशीनवर बसायची. ती बसली की तिची सासू तांब्या घेऊन यायची. "हिला कामात कशाचं भान नसतं, बिचारं तहानेनं मरेल," असं पुटपुटायची आणि तांब्या रिकामा करायची. सुनेला सांगायची नाही, कारण सांगितलं तर लुडबूड ठरली असती. दुपारी मुलगी शाळेतून यायची. बाटलीतलं पाणी न प्यायल्याबद्दल तिला रोज ओरडा बसायचा, म्हणून उरलेलं सगळं माझ्यात. आणि संध्याकाळी, मित्रांनो, तो नवरा यायचा. इकडे तिकडे बघायचा, कामावरची बाटली माझ्यात उपडी करायचा आणि हळूच म्हणायचा, "जग बाबा."

चौघं चार वेळा. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. एकाच घरात राहणारी माणसं, ताटाला ताट लावून जेवणारी, पण त्यांच्यात एवढीशी गोष्ट बोलायची हिंमत नव्हती.

मी थेंब सोडला नाही. मला तेच शिकवलं होतं.

पानं माना टाकायला लागली. तहानलेलं झाड दिसतं तसंच. "अगंबाई, सुकलं," सासू म्हणाली आणि दोन तांबे ओतले. बाईने दीड मग केला. वर पानं पिवळी पडत होती आणि खाली माझ्या पोटात चिखल कुजत होता. शेवटी रोप आडवं झालं.

नवऱ्याने पत्रेवाल्याला रविवारी बोलावलं. "ठरलं होतं ना," एवढंच म्हणाला, तेही जमिनीकडे बघत. बाईने मशीन असं पळवलं की दोरा तीनदा तुटला.

रविवारी सासूने मला धुवायला मोरीत उपडी केलं. काळं पाणी भसकन बाहेर आलं. वास असा की मुलगी नाक धरून पळाली. मुळं उकडलेल्या दोऱ्यांसारखी लिबलिबीत झाली होती.

"सूनबाई, इकडे ये," सासू म्हणाली. "हे वाळून नाही मेलं. हे बुडून मेलंय."

"बुडेल कसं? मी मगभर तर घालत होते."

सासूने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मी पण घालत होते."

"मी पण," दारातून मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो कान खाजवायला लागला. "एखादी बाटली," तो म्हणाला. "रोज."

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "ज्याला ते मरायला हवं होतं, तो रोज पाणी घालत होता?"

"मरायला हवं होतं असं कुठे म्हणालो? मरेल म्हणालो."

तेवढ्यात पत्रेवाला आला. खांद्यावर ड्रिल, हातात टेप. "कुठे मारायचा पत्रा?"

बाई मला उचलून त्याच्यासमोर आली. "पत्रा राहू द्या. हिच्या बुडाला भोकं पाडा. चार."

"बाई, लोक माझ्याकडे भोकं बुजवायला येतात."

"मला गळकी हवी आहे. आणि तुम्ही ऐका," ती नवऱ्याकडे वळली, "एक भिंत बघत मी दिवसभर बसते. मला दुसरी नको."

नवऱ्याने पत्रेवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाड बाबा."

ड्रिल माझ्या बुडात घुसलं तेव्हा मला ती शेजारची बादली आठवली. मी संपले असंच वाटलं. पण मला चुऱ्यात टाकलं नाही. भोकांवर फुटक्या फरशीचे तुकडे ठेवले, मातीत वाळका पाला आणि शेणखत मिसळलं, मला दोन विटांवर बसवलं, खाली परात ठेवली. पाणी घातलं. ते वरून आत गेलं आणि खालून टपटप बाहेर पडलं. मी शरमेने मेले. आणि वरून सासू म्हणाली, "निघालं बघ. छान निघालं."

गळण्याचं कौतुक. मी ते जन्मात ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या कडीला कपड्यांचा एक चिमटा असतो. पाणी घालणाऱ्याने तो डावीकडून उजवीकडे सरकवायचा. चिमटा उजवीकडे असला की कुणी हात लावायचा नाही. सकाळी बाई पेरभर बोट मातीत खुपसते. कोरडं निघालं तरच चिमटा परत डावीकडे येतो. नव्या रोपाला पहिला टोमॅटो धरला तो कोटाच्या बटणाएवढा होता. नवऱ्याने तो शेजाऱ्यांना बोलावून दाखवला, जणू त्याच्याच पोटातून आला होता.

मित्रांनो, तुमच्या बाल्कनीत, खिडकीत, जिन्यात जागा असेल वीतभर, तर झाड जरूर लावा. जुना डबा चालेल, फुटका टब चालेल. पण आधी त्याला उपडं करा आणि बुडाला भोक आहे का बघा. मातीत बोट घाला. आणि घरातल्यांना विचारा, "तू पाणी घातलंस का?" एवढं विचारायची लाज वाटत असेल तर झाड लावू नका, प्लास्टिकची फुलं आणा. ती तुमच्या मुक्या मायेने मरणार नाहीत.

मी अजून हादरलेलीच आहे. पण सध्या मशीन थांबलं आहे, चिमटा डावीकडे आहे, आणि बाई मग घेऊन बाहेर येते आहे. आता मी गळेन.